श्प्रेकाठचे घुमणारे घर

बर्लिनला जाणारा प्रवासी बहुधा डोळ्यांचाच प्रवासी असतो. ब्रांडेनबुर्गचा दरवाजा, संग्रहालयांचे बेट आणि भिंतीचे जपून ठेवलेले तुकडे पाहून झाले, की त्याचे बर्लिन संपते. परंतु याच शहराच्या आग्नेयेस, श्प्रे नदीच्या काठी, एक घर असे आहे की ते कानांनी पाहावे. त्याचे नाव फुंकहाउस. नाव ऐकून आपल्याला विस्तवावरची फुंकर आठवते, आणि गंमत अशी की ती अगदीच चुकीची नाही. जर्मन भाषेत 'फुंक' म्हणजे नभोवाणी, आणि हा शब्द आला आहे ठिणगीवाचक 'फुंके'पासून. बिनतारी संदेशाचा आरंभ विजेच्या ठिणगीने झाला, त्याची ही खूण. तेव्हा फुंकहाउस म्हणजे नभोवाणीचे घर.

या घराची ओढ मला लागली ती एका तबकडीमुळे. नील्स फ्राम नावाचा एक पियानोवादक आहे. जन्म हाम्बुर्गचा, १९८२ सालचा. पुढे तो बर्लिनवासी झाला. त्याची 'ऑल मेलडी' ही तबकडी २६ जानेवारी २०१८ रोजी निघाली. बारा रचना, सुमारे सव्वा तासाचे संगीत. पियानो आहे, सिंथेसायझर आहेत, पायपांचा ऑर्गन आहे, माणसांचे गाणारे आवाजही आहेत. या जातीच्या संगीताला तिकडे 'अँबियंट' म्हणतात. म्हणजे असे संगीत, की जे समोर उभे राहून 'मला ऐका' असे दरडावत नाही, तर उदबत्तीच्या वासासारखे खोलीत भरून राहते. त्यातील पियानो अभिजात वळणाचा, आणि त्याच्या मागेपुढे विजेवर चालणारी यंत्रे.

ही तबकडी ऐकताना प्रथम कानांत भरते ती वाद्ये नव्हेत, तर ती वाद्ये ज्या जागेत वाजली ती जागा. प्रत्येक सुराभोवती एक पोकळी जाणवते. सूर निघतो, भिंतीपर्यंत जातो, थोडा रेंगाळतो आणि मग विरतो. ज्या दालनात हे संगीत तयार झाले, ते फुंकहाउसमधील तीन नंबरचे दालन. तेव्हा ते घर पाहिल्यावाचून ही तबकडी पुरती ऐकली असे म्हणता येणार नाही, असे वाटले आणि वाट धरली.

वाट मुळीच रमणीय नाही. शहराच्या मध्यातून पूर्वेकडे निघावे, ट्रामने जावे, आणि दोन्ही बाजूंस गुदामे व कारखान्यांची आवारे दिसू लागली की आपण योग्य रस्त्यावर आहोत असे समजावे. जवळच क्लिंगेनबेर्गचे वीजघर आहे. ते १९२७ साली पुरे झाले आणि २०१७ पर्यंत तेथे तपकिरी दगडी कोळसा जळत असे. ते मागे टाकून नालेपाश्ट्रासे या रस्त्याला लागले, की झाडांआडून तांबड्या विटांच्या भल्यामोठ्या इमारती दिसू लागतात. पलीकडे श्प्रेचे संथ पाणी. मालाची एखादी होडी इतक्या सावकाश जाते, की ती चालली आहे की थांबली आहे हे ठरवायला काठावरच्या झाडाशी तिची तुलना करावी लागते. नभोवाणीची इमारत म्हणून डोळ्यांपुढे जो दिमाख येतो तो येथे नाही. दुरून पाहणाऱ्याला हा एखादा मोठा कारखानाच वाटावा.

आणि तसे वाटणे खोटेही नाही. या आवारात पूर्वी व्हिनियरचा, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचा, कारखाना होता. कारखान्याच्या जागी नभोवाणी कशी आली, याची हकिकत मोठी चमत्कारिक आहे. बर्लिनचे मूळचे नभोवाणी-गृह शहराच्या पश्चिम भागात, मासुरेनआले या रस्त्यावर, १९३१ साली उघडलेले. १९४५ साली महायुद्ध संपले तेव्हा ते रशियनांच्या हाती आले. पुढे शहराची वाटणी झाली आणि ती जागा गेली इंग्रजांच्या विभागात. म्हणजे घर इंग्रजांच्या हद्दीत आणि ध्वनिक्षेपक रशियनांच्या हाती! हा संसार फार दिवस चालणे शक्यच नव्हते. १९५२ च्या जून महिन्यात इंग्रजांनी त्या इमारतीभोवती काटेरी तारांचे कुंपण घातले. पूर्व जर्मनीच्या सरकारला आपल्या आवाजासाठी स्वतःचे घर तातडीने हवे होते, आणि ते या नदीकाठी उभे राहू लागलेलेच होते. १९५१ ते १९५६ या काळात हे काम झाले. जुन्या कारखान्याचे एका कचेरीत रूपांतर झाले आणि शेजारी ध्वनिमुद्रणासाठी अगदी नवी इमारत बांधली गेली.

बांधणाऱ्याचे नाव फ्रांट्स एर्लिख. या माणसाची कहाणी ठाऊक झाल्यावर त्या भिंतींकडे निव्वळ भिंती म्हणून पाहता येत नाही. जन्म लाइप्त्सिगचा, १९०७ सालचा. देस्साऊ येथील सुप्रसिद्ध बाउहाउस या कलाशाळेत तो शिकला. पाउल क्ले आणि कांडिन्स्की यांच्यासारखे गुरू लाभले. मते साम्यवादी होती, तेव्हा हिटलरच्या राज्यात व्हायचे ते झाले. १९३४ साली अटक, मग तुरुंग, आणि १९३७ साली बुखेनवाल्डच्या छळछावणीत रवानगी. तेथे त्याची कारागिरी वरिष्ठांच्या ध्यानी आली आणि त्याला हुकूम झाला, की छावणीच्या लोखंडी दरवाजावर बसवायची अक्षरे काढून दे. वाक्य होते 'येडेम दास झाइने', म्हणजे 'ज्याचे त्याला'. मूळ वचन रोमन न्यायशास्त्रातले, न्यायाच्या बाजूचे. छावणीवाल्यांनी ते असे बसवले, की आत कोंडलेल्या माणसांनाच रोज उलगडून वाचता यावे.

एर्लिखने हुकूम पाळला. परंतु अक्षरे काढली ती बाउहाउसच्या वळणाची. ज्या कलाशाळेला नाझींनी अधःपतित ठरवून बंद पाडले, तिचेच वळण त्यांच्या दरवाजावर जाऊन बसले आणि पाहारेकऱ्यांपैकी कुणाला त्याचा पत्ता लागला नाही. ही गोष्ट येथेच थांबवली तर फार छान वाटते. पण ती येथे थांबत नाही. १९३९ साली सुटका झाल्यावरही एर्लिख काही काळ एस.एस.च्या बांधकाम-कचेरीत नोकरी करीत होता. सुटलेल्या कैद्याला 'नाही' म्हणण्याची कितपत मुभा असते, हे आपल्यासारख्या सुखी माणसांनी घरबसल्या ठरवू नये. पण ती नोकरी लपवूही नये. असा हा दोन्ही अर्थांनी दरवाजे पाहिलेला माणूस. त्याच्या हातून पुढे एका नव्या सरकारच्या आवाजाचे घर बांधले गेले.

हे घर बांधताना त्याला एकच गोष्ट साधायची होती, ती म्हणजे शांतता. शेजारी वीजघर, नदीत होड्या, चहूकडे कारखाने. आणि आत चाळीस व्हायोलिने एकदम श्वासाइतकी हलकी वाजली पाहिजेत! यासाठी त्याने घरात घर ही युक्ती योजली. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या दालनाचा पाया निराळा आणि भिंती निराळ्या. मधल्या पोकळीतून बाहेरची धडधड आत शिरू शकत नाही आणि एका दालनातला तुतारीवाला शेजारच्या दालनातील वृत्तनिवेदकाच्या बोलण्यात येत नाही. आपल्याकडे लग्नघरात दोन खोल्यांमध्ये दोन मंडळी एकाच वेळी बोलू लागली की काय होते ते आठवावे, म्हणजे या बंदोबस्ताची किंमत कळेल.

सर्वांत मौज वाटते ती नभोनाट्याच्या दालनांची. तेथे एक जिना आहे, तो कोठेच जात नाही. त्याच्या पायऱ्यांचे पट्टे पाडलेले आहेत : एक दगडी, एक लाकडी, एक गालिच्याचा. नाटकातील पात्र राजवाड्यात चढत असेल तर दगडावरून चालावे, गरिबाच्या माडीवर जात असेल तर लाकडावरून, आणि श्रीमंताच्या शयनगृहाकडे निघाले असेल तर गालिच्यावरून. शेजारी एक खोली अशी, की तिच्या भिंती सारा आवाज गिळून टाकतात. तिच्यात बोलणारा माणूस उघड्या माळावर उभा आहे असेच ऐकणाऱ्याला वाटावे. दिसण्यासाठी नव्हे, तर केवळ ऐकू येण्यासाठी बांधलेली वास्तू मी तरी दुसरी पाहिली नाही.

या घरातून पूर्व जर्मनीची सारी केंद्रे बोलत. परदेशासाठी 'रेडिओ बर्लिन इंटरनॅशनल' होते, आणि त्याच्या अनेक भाषांत हिंदीही होती. आपल्याकडे लघुलहरींवर काटा फिरवीत बसणाऱ्या हौशी मंडळींना ही बर्लिनची हिंदी परिचयाची होती. म्हणजे या तांबड्या विटांतून निघालेला आवाज कधीकाळी आपल्या माजघरातल्या रेडिओपर्यंतही येत होता. तो काय सांगत होता हे निराळे. दालने उत्तम होती, तंत्रज्ञ उत्तम होते, पण काय बोलावे आणि काय बोलू नये हे मात्र दुसरीकडे ठरत असे.

सरकार आणि सूर यांचे नाते असे नाजूकच असते. येथून थोड्याच अंतरावर, आडलेर्सहोफ येथे, पूर्व जर्मनीच्या नभोवाणीची प्रयोगशाळा होती. १९६० नंतरच्या दशकात तेथे एर्न्स्ट श्रायबर या तंत्रज्ञाने 'सुबहार्कोर्ड' नावाचे विजेवर चालणारे वाद्य तयार केले. ते जगातील अशा वाद्यांच्या पहिल्या पिढीतले. पण हे यंत्राचे सूर समाजवादी कलेत बसतात की नाही, याविषयी वरच्यांच्या मनात किंतू होता. मोजकीच वाद्ये तयार झाली आणि काम थांबले. या गोष्टीला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या आकाशवाणीनेही १९४० साली पेटीला बंदी केली होती आणि ती १९७१ पर्यंत पुरती उठली नव्हती. सारा महाराष्ट्र नाट्यसंगीताबरोबर पेटी ऐकत होता, आणि तीच पेटी नभोवाणीच्या दारात मात्र विटाळ मानली जात होती. तेथे वाद्य नवे म्हणून नकोसे झाले, येथे ते परके म्हणून.

पुढे ते सरकारच उरले नाही. ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाले आणि ३१ डिसेंबर १९९१ रोजी पूर्व जर्मनीची नभोवाणी कायमची बंद पडली. हजारो माणसांचे कामाचे ठिकाण ओस झाले. इमारती वारसा म्हणून संरक्षित होत्या, म्हणून पाडता आल्या नाहीत. पण त्या विकल्या गेल्या, पुन्हा विकल्या गेल्या आणि कित्येक वर्षे त्यांचे काय करावे हे कुणाला सुचत नव्हते. घराचा धनी गेला, त्याची घोषणा गेली, बातम्यांचे कागद गेले. उरली ती एर्लिखने बांधलेली शांतता.

ही शांतता हेरली संगीतकारांनी. फ्राम हा त्यांपैकी एक. आणि तो येथे कसा पोहोचला हे समजण्यासाठी त्याच्या आधीच्या एका तबकडीची गोष्ट सांगितली पाहिजे. २०११ साली त्याने 'फेल्ट' नावाची तबकडी काढली. बर्लिनमधील बिऱ्हाडात रात्री पियानो वाजवायचा, तर शेजारी झोपलेले. म्हणून त्याने पियानोच्या हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये जाड नमदा सरकवला. नमद्याने आवाज इतका मऊ झाला, की तो टिपण्यासाठी मायक्रोफोन अगदी वाद्याच्या पोटात न्यावे लागले. तेव्हा त्यांत केवळ सूर आले नाहीत. लाकडाची कुरकुर आली, हातोड्यांची टकटक आली, वाजवणाऱ्याचा श्वास आला. एरवी हा सारा कचरा म्हणून गाळून टाकतात. फ्रामने तोच संगीतात ठेवला. आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवून जवारी खुलवतात. आपण दोऱ्याने सूर उघडतो, त्याने नमद्याने तो मिटवला. पण दोन्हीकडे धागा आणि तार यांच्या स्पर्शातच सारे रहस्य आहे.

बिऱ्हाडातून असा हा माणूस फुंकहाउसच्या तीन नंबरच्या दालनात आला. मुळात हे दालन लहान वाद्यवृंदासाठी होते. फ्रामने पुरी दोन वर्षे ते सिद्ध करण्यात घालवली. विजेच्या तारा नव्याने ओढल्या, लाकूडकाम केले, आवाज मिसळण्याचे यंत्र बसवले, पायपांचा ऑर्गन बांधवून घेतला. गवई मैफलीपूर्वी तंबोरे जुळवण्यात अर्धा तास घालवतो तेव्हा आपण घड्याळ पाहू लागतो. या गृहस्थाने जुळवण्यात दोन वर्षे घेतली, कारण जुळवायचे होते ते वाद्य म्हणजे आख्खे दालन.

येथे घुमाऱ्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. विहिरीत हाक मारली म्हणजे तो कठड्यांवर आपटून परत येतो. परत येण्यास बराच वेळ लागला तर आपल्याला दुसरी हाक ऐकू येते, तो प्रतिध्वनी. पण तो सेकंदाच्या शंभराव्या-पन्नासाव्या हिश्श्यात, अनेक भिंतींवरून, अनेकदा परत आला, तर कान ते सारे एकत्र करतो आणि मूळ सुराला शेपटी फुटल्यासारखी वाटते, तो घुमारा. हल्ली हा घुमारा यंत्रात बटण दाबून मिळतो. पूर्वी त्यासाठी खोल्या बांधीत. खोली रिकामी, भिंती गुळगुळीत काँक्रीटच्या. एका टोकाला ध्वनिवर्धक ठेवायचा, दुसऱ्या टोकाला मायक्रोफोन. दालनात वाजलेला सूर तारेने त्या खोलीत पाठवायचा आणि घुमून आलेला परत घ्यायचा. फुंकहाउसमध्ये अशा खोल्या होत्याच. फ्रामने त्या पुन्हा कामाला लावल्या. एवढ्यावर न थांबता त्याने एका जुन्या कोरड्या विहिरीचाही असाच उपयोग केला. पाणी आटलेल्या विहिरीला सूर पाजून तिच्याकडून घुमारा काढून घेण्याची ही कल्पना मला तरी फार आवडली.

आता तबकडी ऐकावी. आरंभी मनुष्यांचे आवाज येतात. लंडनच्या 'शार्ड्स' या गायकमंडळींचे ते गाणे. शब्द नाहीत, केवळ स्वर. कुणी दूरच्या दालनात दार उघडे ठेवून गात आहे असे वाटते. मग सिंथेसायझरची लय सुरू होते, आणि ती यंत्राची असूनही घड्याळासारखी कोरडी नाही. तिच्यात हवा खेळते. 'माय फ्रेंड द फॉरेस्ट' या रचनेत पियानो एकटाच आहे आणि इतका जवळ आहे, की लाकडी अवयवांची हालचाल सुरांच्या आधी कानांत येते. जंगल हे नाव सार्थ वाटते, कारण पियानो म्हणजे तरी काय? कापलेले, वाळवलेले, तारांनी ताणून धरलेले झाडच. 'ऑल मेलडी' या नावाच्याच रचनेत लहान लहान सुरांची साखळी यंत्रावर फिरत राहते आणि तिच्यावर दुसरे सूर कलत कलत येतात. विरोध न करता एकमेकांस वाट देतात.

फ्रामने स्वतः लिहून ठेवले आहे, की ऑर्गनने तालयंत्राचे काम करावे आणि तालयंत्राने बासऱ्यांचे, अशी तबकडी त्याच्या मनात होती. आणि मनात ऐकू येणारे संगीत तबकडीवर उतरत नाही, हेही त्याने तेथेच कबूल केले आहे. हात आणि यंत्र यांचे भांडण लावून देण्याची आपल्याला फार सवय आहे. येथे त्या भांडणाला जागाच नाही. पियानो हे शेवटी यंत्रच. आठ-दहा हजार भागांचे. आणि सिंथेसायझरसमोर बसलेला माणूसही श्वास घेतोच. तबकडीच्या शेवटी हार्मोनियमचे सूर येतात आणि मराठी कान एकदम टवकारतात. भात्याची तीच धाप, तोच किंचित कापरा स्वर. आकाशवाणीच्या दारात तीस वर्षे ताटकळलेली आपली पेटी तिच्या युरोपातील जुन्या घरी, तेही एका मोडीत निघालेल्या सरकारी नभोवाणीच्या दालनात, सुखाने वाजते आहे.

ज्या घरातून चार दशके एका सरकारने आपला आवाज जगाला ऐकवला, त्या घराने त्या सरकारला तारले नाही. ज्याने ते बांधले त्याचे हात कैद्याचे होते, कारागिराचे होते आणि पोटासाठी नको त्या कचेरीत राबलेलेही होते. भिंतींनी यांतले काहीच पुसून टाकलेले नाही. सुंदर दालनात वाजलेल्या खोट्या बातमीला दालनाची सुंदरता लागू होत नाही, आणि आजच्या मधुर संगीतामुळे कालचे पाप धुतलेही जात नाही. परंतु पाया निराळा, भिंती निराळ्या आणि मधे पोकळी असे जे काम त्या माणसाने चोख केले, ते मालक बदलले तरी चोख राहिले. जगाचा गोंगाट बाहेर ठेवण्यासाठी केलेला तो बंदोबस्त होता. आज त्याच बंदोबस्तात बसून एक पियानोवादक लाकडाची कुरकुर आणि स्वतःचा श्वास ऐकू देतो आहे. म्हणजे ज्या लहानसहान आवाजांना त्या जुन्या सरकारी निवेदनात कधीच जागा नव्हती, त्यांना.

कुणी बर्लिनला निघालाच तर त्याने एक दुपार या घरासाठी राखून ठेवावी. दालनांत कधी मैफली असतात, कधी माहितगार माणसाबरोबर हिंडता येते. तीन नंबरचे दालन ही मात्र काम करण्याची जागा आहे, ते काही प्रेक्षणीय स्थळ नव्हे, आणि ते दार बंद असेल हे गृहीत धरावे. त्याने काही बिघडत नाही. दिवाळीचे फटाके थांबले, गल्ली झोपली, की रात्री घरीच ही तबकडी हलक्या आवाजात लावावी. खिडक्या बंद कराव्यात. दोन-चार रचना होईपर्यंत आपल्याच खोलीच्या भिंती किती दूर आहेत, हे कानांना कळू लागेल.